अंड्याचा प्रतिनिधी : द्रव्य बदलताना कर्माचा विचार

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या आहारवृत्तात एका नव्या शब्दाची भर पडली आहे. पूर्वी ‘शाकाहारी’ किंवा ‘मिश्राहारी’ एवढी नोंद केली की वैद्याचे समाधान होत असे. आता एखादी तरुण रुग्णा समोर बसते आणि ‘मी व्हीगन आहे’ असे सांगते. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. मांस, मासे व अंडी तर वर्ज्य. पण दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य, असा त्याचा अर्थ. घृत, दुग्ध आणि मधु यांवर ज्यांच्या अनुपानाची व अवलेहांची उभारणी झाली आहे, त्या आपल्यासारख्यांना हा शब्द प्रथम ऐकताना थोडा अडचणीचाच वाटतो.

अशाच एका रुग्णेने निघता निघता विचारले होते, “डॉक्टर, केकमध्ये अंड्याऐवजी मी अळशी घालते. चालेल ना?” मी हसून ‘चालेल’ म्हटले. त्या एका शब्दात मी किती गोष्टी एकत्र केल्या आणि त्यांतील एक तिला किती महागात पडली, हे पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी एका संभाव्य आक्षेपाचे उत्तर देणे आवश्यक आहे. अंड्यावाचून केक कसा करावा हा पाकशास्त्राचा विषय. त्याला वैद्यांच्या त्रैमासिकात स्थान कशाला, असे काही ज्येष्ठ विचारतील. माझे उत्तर असे की, एका द्रव्याच्या अभावी दुसरे द्रव्य केव्हा घ्यावे, केव्हा घेऊ नये आणि घेताना कशाची तुलना करावी, याचा जितका पद्धतशीर विचार आपल्या शास्त्राने केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल. ज्या अळशीची, इसबगोलाची आणि मुगाची नावे या संदर्भात घेतली जातात, ती आपल्याच निघंटूंतील व आपल्याच दुकानांतील द्रव्ये आहेत. ग्राहक ती मागतो तेव्हा फळीमागे उभा असलेला औषधविक्रेता किंवा वैद्यच त्याचा सल्लागार असतो.

शास्त्रातील प्रतिनिधीविचार

भावप्रकाशातील अभावप्रतिनिधी द्रव्यांची यादी आपण सर्वांनी विद्यार्थीदशेत पाठ केली आहे. मेदा-महामेदा न मिळाल्यास शतावरी, जीवक-ऋषभक न मिळाल्यास विदारी, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. या प्रतिनिधींच्या आधारावरच आज बाजारातील च्यवनप्राश उभा आहे. कस्तुरीच्या अभावी कंकोळ सांगितला आहे, मधाच्या अभावी जुना गूळ. आणि दुधाच्या अभावी? मुगाचे किंवा मसुरेचे यूष. दुधावाचून चालवण्याची कल्पना पाश्चात्त्यांनी काल-परवा शोधली, असे समजणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा उघडून पाहावी.

पण यादीपेक्षा यादीसोबत दिलेले नियम अधिक मोलाचे आहेत. पहिला नियम असा की, रस, वीर्य, विपाक इत्यादींनी सदृश असेल तेच द्रव्य विचारपूर्वक योजावे. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. योगामध्ये जे द्रव्य अप्रधान आहे, त्यालाच प्रतिनिधी असतो. जे प्रधान आहे, त्याला प्रतिनिधी घेऊ नये. अश्वगंधारिष्टातून अश्वगंधा काढून दुसरे काही घातले, तर ते दुसरे अरिष्ट होते. त्याला अश्वगंधारिष्ट म्हणता येत नाही.

अंड्याच्या बाबतीत या दोन नियमांपलीकडे फारसे काही सांगावे लागत नाही, असे माझे मत आहे. आज या विषयावर जो गोंधळ दिसतो, तो बहुतांशी ‘एका अंड्याला अमुक’ अशी एकच मात्रा सर्वत्र लावल्यामुळे होतो.

अंडे नेमके कोणते कर्म करते?

कोंबडीच्या मध्यम आकाराच्या अंड्याचा कवचाविना भाग सुमारे ५० ग्रॅम भरतो. त्यातील पाऊण भाग पाणी. प्रथिने सहा ग्रॅमच्या आसपास आणि स्निग्धांश सुमारे पाच ग्रॅम. भट्टीत जाणाऱ्या पिठात हे अंडे एकाच वेळी चार-पाच कर्मे करते.

पहिले कर्म संधानाचे. कच्चे अंडे पिच्छिल आहे. सुश्रुताने पिच्छिल गुणाचे वर्णन करताना जीवन, बल्य व गुरू यांबरोबर संधानकर हा शब्द वापरला आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो. तापमान साठ अंशांच्या पुढे गेले की अंड्यातील प्रथिने घट्ट होतात आणि पीठ, साखर, स्निग्ध यांना एकत्र धरून ठेवतात. दुसरे कर्म फुगवण्याचे. पांढरा बलक फेटला असता त्याचा आकार कित्येक पटींनी वाढतो आणि त्या फेसात कोंडलेली हवा उष्णतेने प्रसरण पावून केकला जाळी पाडते. तिसरे कर्म तेल व पाणी यांना एकजीव करण्याचे. ते पिवळ्या बलकातील लेसिथिनमुळे घडते. चौथे ओलावा टिकवण्याचे, आणि पाचवे वर्ण व गंध यांचे. पावावर वरून अंडे लावल्याने येणारी चकाकी याच पाचव्या कर्मात मोडते.

अंड्याला सर्व कर्मे करणारा एकच प्रतिनिधी शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. त्या विशिष्ट पदार्थात अंडे यांपैकी कोणत्या कर्मासाठी घातले आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

कर्मानुसार प्रतिनिधी

जेथे केवळ संधान हवे आहे, उदाहरणार्थ बिस्किटे, नाचणीच्या कुकीज किंवा भाज्यांची कटलेटे, तेथे अळशी उत्तम काम करते. एक मोठा चमचा ताजी दळलेली अळशी तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे ठेवली की ती अंड्यासारखी बुळबुळीत होते. तिचा पिच्छिलांश बीजाच्या आवरणात असतो. म्हणून अळशी अख्खी न वापरता दळून घ्यावी. दळलेली अळशी लवकर खवट होते. म्हणून पिशवीतील जुने चूर्ण न घेता लागेल तेवढीच दळावी. औषधविक्रेत्यांनी ग्राहकाला ही एक सूचना केली तरी पुष्कळ. अळशी पदार्थ बांधते, पण फुगवत नाही. स्पंज केकमध्ये ती घालून ‘केक बसला’ अशी तक्रार करणाऱ्याने दोष अळशीला देऊ नये.

इसबगोलाचा भुसा याच वर्गातील. गव्हातील चिकट प्रथिन ज्यांना वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी केलेल्या ज्वारी-तांदळाच्या पावात तो अंडे व गहू या दोहोंची उणीव काही अंशी भरून काढतो, म्हणून परदेशांतील भट्ट्यांत त्याला मोठी मागणी आहे. हा भुसा मुख्यतः आपल्याच देशातून जातो; गुजरातेतील ऊंझा आणि सिद्धपूर ही त्याची प्रसिद्ध केंद्रे. मात्र इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेतला तर घशात अडकू शकतो आणि बरोबर घेतलेल्या औषधांचे शोषण लांबवू शकतो. पावाच्या तुकड्यातून पोटात जाणारे प्रमाण अल्प असते हे खरे. पण जो ग्राहक भाजण्यासाठी डबा नेतो, तो उरलेला भुसा दुधाऐवजी कोरडाच तोंडात टाकणार नाही, याची खात्री देता येत नाही. इतर औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, हे आपण सांगितलेच पाहिजे.

जेथे ओलावा हवा आहे तेथे कुस्करलेले पिकलेले केळे, साधारण पाव वाटी, एका अंड्याची जागा घेते. त्याची चव लपत नाही आणि पदार्थ किंचित जड होतो. घट्ट, चॉकलेटी केकसाठी मऊ टोफू सुमारे ६० ग्रॅम वाटून घालतात.

जेथे फुगवण्याचे कर्म हवे आहे तेथे एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ही जोडी पुरेशी ठरते. क्षार व अम्ल यांच्या संयोगातून निघणारा वायू पिठाला वर उचलतो. ही क्रिया क्षणात सुरू होऊन लवकर संपते, म्हणून मिश्रण होताच भांडे भट्टीत गेले पाहिजे. आपल्या घरांतील अनेक बिनअंड्याचे केक याच तत्त्वावर, पण दही व आटवलेले डबाबंद दूध घालून होत असतात. तेव्हा बिनअंड्याचा केक म्हणजे व्हीगन केक नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पाकिटावरील हिरवा ठिपका दूध असलेल्या पदार्थावरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली स्वतंत्र विनियम व स्वतंत्र चिन्ह आणले आहे. ग्राहकाला ते चिन्ह पाहण्यास सांगावे.

फेसाच्या कर्मासाठी मात्र दीर्घकाळ कोणताच समाधानकारक वनस्पतिज प्रतिनिधी नव्हता. २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी कडधान्य शिजवल्यावर उरणारे पाणी पांढऱ्या बलकासारखे फेटता येते, हे दाखवून दिले. आणि २०१५ साली अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी काबुली चण्याच्या पाण्यापासून व साखरेपासून बलकाविना मेरिंग केले आणि त्या पाण्याला ‘ॲक्वाफाबा’, म्हणजे शिंबीचे पाणी, असे नाव दिले. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे साधारण एक अंडे. ज्या समाजाने पुरणाची डाळ शिजवून तिचा कट कधी वाया घालवला नाही, कटाची आमटी करून तो पानात वाढला, त्या समाजाला या शोधाचे नवल वाटावे आणि थोडी हळहळही वाटावी. डाळीला उकळी फुटताच वर येणारा फेस आपण पिढ्यान्‌पिढ्या पळीने काढून टाकत आलो. त्याचा उपयोग दुसऱ्या कोणी केला.

जेथे अंडे प्रधान आहे

आतापर्यंतची उदाहरणे अप्रधानत्वाची होती. आता दुसरा नियम पाहू. गोव्याचा बेबिंका घ्या. थरावर थर भाजून होणाऱ्या या पदार्थात पिवळे बलक अनेक लागतात आणि त्यांच्यावरच त्याचा पोत, रंग व चव अवलंबून असते. तेथे अंडे प्रधान आहे. कस्टर्ड, ऑम्लेट, उकडलेले अंडे यांची गोष्ट तीच. अळशी, केळे, सोडा यांपैकी काहीही तेथे चालत नाही, आणि चालवल्याचा आव आणू नये. अशा ठिकाणी शास्त्राची सूचना स्पष्ट आहे : प्रतिनिधी शोधू नका, दुसरा योग योजा.

आपल्या स्वयंपाकघराने हे पूर्वीच केले आहे. महाराष्ट्रात घरोघरी आणि उडुपी उपाहारगृहांत ‘टोमॅटो ऑम्लेट’ या नावाने जे मिळते, त्यात अंड्याचा अंशही नसतो; ते बेसनाचे धिरडे आहे. नाव उसने घेतले, पदार्थ मात्र स्वतःचा ठेवला. तो अंड्यासारखा लागत नाही म्हणून कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. याउलट अलीकडे टोफूच्या भुर्जीत हळद व पादेलोण घालून अंड्याचाच वर्ण व गंध आणण्याचा प्रयत्न होतो. पादेलोणातील गंधकाचा वास अंड्याच्या वासाशी जुळतो, हे निरीक्षण चतुर आहे. पण नाकाची समजूत घातली म्हणजे धातूंचे पोषण झाले असे नव्हे.

या संदर्भात एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. २०१८ च्या सुमारास अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथील एका कंपनीने ‘जस्ट एग’ हे द्रवरूप व्हीगन अंडे बाजारात आणले. त्याचे मुख्य द्रव्य मुगाचे प्रथिन आहे. ते तव्यावर ओतले असता घट्ट होते. दुधाच्या अभावी मुगाचे यूष सांगणाऱ्या भावमिश्राची आठवण येथे कोणास होणार नाही? शमीधान्यांत मूग श्रेष्ठ, हे चरकाचार्यांचे वचन आहेच. परंतु महागड्या बाटलीतील मूग आणि घरच्या मुगाचे धिरडे यांपैकी रुग्णाला काय सुचवावे, याचा निर्णय वैद्याने रुग्णाचा अग्नी आणि खिसा दोन्ही पाहून करावा.

ताटातील अंडे : एक कबुली

आता त्या रुग्णेकडे वळतो. वय अठ्ठावीस, संगणकावर बसून दिवसभराचे काम. तळपायांना मुंग्या, दाह, रात्री पिंडिकोद्वेष्टन, जिभेची आग, थकवा. मी निद्रा, मल, मूत्र, आर्तव यांविषयी सविस्तर विचारले. आहाराच्या रकान्यात ‘शाकाहार (व्हीगन)’ एवढेच लिहिले. वातव्याधी म्हणून अभ्यंग व वातशामक योग सुरू केले. सुमारे अडीच महिने उपचार चालले. अधूनमधून बरे वाटे, पुन्हा तसेच. अखेरीस एका स्नेही आधुनिक वैद्यांच्या सांगण्यावरून रक्तातील ब१२ जीवनसत्त्व तपासले, ते फारच कमी निघाले. पूरक मात्रा सुरू झाल्यावर काही महिन्यांत बहुतेक लक्षणे गेली. बोटांच्या टोकांची सुप्ती मात्र बरीच रेंगाळली. अडीच महिने मी वाया घालवले नसते, तर तीही इतकी रेंगाळली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नंतर आहारवृत्त पुन्हा घेतले. व्हीगन होण्यापूर्वी ती रोज सकाळी दोन अंडी व पेलाभर दूध घेत असे. चार वर्षांपूर्वी दोन्ही सोडले. “अंड्याची जागा मी अळशीने भरून काढली,” असे ती म्हणाली. तिचे काहीच चुकले नव्हते. तिने मला विचारले होते, आणि मी ‘चालेल’ म्हणालो होतो. तिचा प्रश्न केकच्या पिठाविषयी होता, पण तिच्या मनात तो ताटाविषयीही होता, हे ओळखणे माझे काम होते.

अंडे तिच्या केकमध्ये अप्रधान होते. तिच्या आहारात मात्र प्रधान होते. दोन अंड्यांचा केक आठ-दहा जणांनी खाल्ला, तर एकाच्या वाट्याला अंड्याचे प्रथिन जेमतेम दीड ग्रॅम येते. तेथे अळशी घातली काय, सोडा घातला काय, पोषणाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. पण रोजच्या न्याहारीतील दोन अंडी काढली तर बारा ग्रॅम प्रथिन जाते. सात ग्रॅम अळशीतून प्रथिन येते सव्वा ग्रॅमच्या आसपास. तीन चमचे चण्याच्या पाण्यातून एक ग्रॅमही नाही. आणि ब१२ या दोहोंतून मुळीच येत नाही. ते कोणत्याच वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही.

आपल्याच शास्त्राच्या भाषेत पाहिले तर अंतर अधिकच उघड होते. चरकाने अन्नपानविधी अध्यायात हंस, चकोर, कुक्कुट, मोर, चटक यांची अंडी क्षीणशुक्र, कास, हृद्रोग व क्षत यांत हितकर आणि सद्य बल देणारी म्हटली आहेत. शारीरस्थानात सामान्याच्या सिद्धांतानुसार गर्भाच्या पोषणासाठी आमगर्भ, म्हणजे अंडे, सांगितले आहे. याउलट अतसीचे वर्णन करताना भावप्रकाशाने तिला उष्ण, गुरू व वातघ्न म्हणून दृष्टी व शुक्र यांना अहितकर ठरवले आहे. म्हणजे पिठात जिने अंड्याचे संधानकर्म चोख बजावले, तीच अळशी शुक्रधातूच्या संदर्भात अंड्याच्या विरुद्ध बाजूला उभी आहे. एक गुण जुळला म्हणून सर्व कर्म जुळले, असे मानण्याचा धोका याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या दांपत्याने अंडे सोडून रोज मूठभर अळशी सुरू केली असेल, तर वैद्याने त्याची दखल घेतलीच पाहिजे.

याचा अर्थ रुग्णाला पुन्हा अंडे खाण्याचा आग्रह करावा, असा मुळीच नाही. प्राण्यांविषयीच्या करुणेतून घेतलेला निर्णय आदरास पात्र आहे. त्याच्या व्रतात राहूनच मार्ग काढणे हे वैद्याचे कर्तव्य. मूग, मसूर, हरभरा, सोयाबीन, तीळ, शेंगदाणे यांचा अग्नीनुसार पुरेसा वापर करून प्रथिनांची तरतूद होते. ब१२ साठी मात्र पूरक मात्रा घ्यावी लागते, हे निःसंदिग्धपणे सांगावे. ते जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यामुळे व्हीगन रुग्णाच्या तत्त्वालाही बाध येत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर लगेच त्रास होत नाही. त्रास होतो तेव्हा त्याचे मूळ रुग्ण विसरलेला असतो. पाददाह, सुप्ती, जिव्हादाह, पांडुता, विस्मृती अशी लक्षणे घेऊन आलेल्या व्हीगन किंवा काटेकोर शाकाहारी रुग्णाची ही तपासणी वातव्याधीचे निदान पक्के करण्यापूर्वी करून घ्यावी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींत ती उणीव आणखी संभवते. केवळ फॉलिक ॲसिड देऊन पांडुता सुधारली तरी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहू शकते, हेही विसरू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना येथे एक विनंती. स्पिरुलिनाच्या गोळ्या ‘शाकाहारी ब१२’ म्हणून विकल्या जातात. त्यांतील बहुतांश भाग शरीराला न वापरता येणारे त्याचे सदृश रूप असते. नाव तेच, कर्म शून्य. खोटा प्रतिनिधी याहून वेगळा कसा असतो?

आपल्या औषधालयातील अंडे

शेवटचा मुद्दा आपल्या घरातील आहे. एका औषधनिर्मात्या मित्राने सांगितलेली हकीकत. श्वेतप्रदरासाठी त्यांचा एक योग कित्येक महिने घेत असलेल्या एका स्त्रीने त्यांना दूरध्वनी करून विचारले, “यात कुक्कुटाण्डत्वक् भस्म लिहिले आहे. म्हणजे काय?” त्यांनी खरे ते सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “मी पाव घेताना सुद्धा विचारून घेते हो, त्यावर अंडे लावले आहे का म्हणून. तुम्हाला विचारावेसे वाटले नाही, कारण तुमचे औषध आयुर्वेदिक होते.”

वेष्टनावर घटक छापलेले होते. कायद्याचा भंग झाला नव्हता. पण संस्कृत नावामागे अर्थ दडून राहिला होता. वैद्याने तो सांगायला हवा होता. आयुर्वेदिक म्हणजे वनस्पतिज, ही समजूत आपण जाहिरातींतून पसरू दिली आणि तिचा लाभही घेतला. शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ ही प्राणिज द्रव्ये, लाक्षा, मध, तूप, शिवाय अनेक कॅप्सूलींचे जिलेटिनचे कवच; व्हीगन रुग्णाच्या दृष्टीने यांतील प्रत्येक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

येथेही तोच नियम. ज्या योगात कुक्कुटाण्डत्वक् प्रधान आहे, तेथे त्याच्या जागी दुसरे भस्म घालून तेच नाव ठेवणे शास्त्राला व सचोटीला धरून नाही. रुग्णाला स्पष्ट सांगावे आणि वनस्पतिज किंवा खनिज द्रव्यांचा दुसरा योग योजावा. जेथे प्रश्न केवळ कवचाचा आहे, तेथे ते अप्रधान. सेल्युलोजचे कवच वापरता येते. मधाऐवजी जुना गूळ तर ग्रंथोक्तच आहे.

समारोप

या सर्व विवेचनातून माझ्या स्वतःच्या चिकित्सालयात मी तीन बदल केले आहेत. ते सर्वांनी विचारात घ्यावेत, एवढीच विनंती. आहाराच्या रकान्यात आता मी केवळ प्रकार न लिहिता ‘काय सोडले, केव्हा सोडले आणि त्याच्या जागी काय घेतले’ असे तीन प्रश्न लिहितो. व्हीगन रुग्णाला औषध देताना त्यातील प्राणिज घटक मराठीत सांगतो. आणि कोणी ‘अमुकच्या ऐवजी तमुक चालेल का?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी मी उलट विचारतो : “कशासाठी?”

पिठाला बांधण्यासाठी असेल तर अळशी चालेल. फुगवण्यासाठी असेल तर चालणार नाही. रोजच्या न्याहारीसाठी असेल, तर बसा, आपण सविस्तर बोलू. एवढे वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो, तर एका तरुणीचे अडीच महिने वाचले असते. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.